खिशातला हात

देवळात तीर्थ घेताना उजवा हात पुढे करायचा, डावा त्याच्याखाली धरायचा, उजव्या तळव्याचा खळगा करून तो वर वळवायचा. यातली शेवटची हालचाल आपल्या कधी लक्षातही येत नाही. कोपरापासून मनगटापर्यंतच्या दोन हाडांपैकी एक दुसऱ्याभोवती फिरतं, तेव्हा तळवा वर येतो आणि हे फिरवण्याचं बरंचसं काम दंडावरचा बायसेप्स करतो. बायसेप्सला हुकूम पोचवणारी नस मानेतून निघते. जन्माच्या वेळी ती जबर ताणली गेली असेल, तर पंधरा वर्षांच्या मुलाचा तळवाही जमिनीकडेच वळलेला राहतो. गुरुजी पळी धरून थांबतात, ‘हात नीट धर रे बाळा’ म्हणतात, मागची रांग खोळंबते. पुढच्या वेळी हा मुलगा देवळाबाहेर चपला सांभाळत उभा राहतो. घरच्यांना वाटतं, वयच तसं आहे, देवाधर्माचा कंटाळा आला असेल.

अशा, चपला सांभाळत उभ्या राहणाऱ्या मुलामुलींबद्दल मला लिहायचं आहे. त्यांच्या हाताला काय झालेलं असतं हे तर सांगायला हवंच, पण तो हात लपवण्यात त्यांचं किती बळ खर्ची पडतं, हे त्याहून जास्त सांगायला हवं.

आधी शरीराचं. मानेतली खालची चार आणि छातीतलं पहिलं अशा पाच मज्जामुळांपासून निघालेल्या नसा कॉलर बोनच्या मागून, एकमेकींत मिसळत आणि पुन्हा फुटत, काखेतून हातात उतरतात. या जाळ्याला ब्रॅकियल प्लेक्सस म्हणतात. खांदा, कोपर, मनगट, बोटं या सगळ्यांची हालचाल आणि स्पर्शाची जाण यातूनच चालते. प्रसूतीत कधीकधी बाळाचं डोकं बाहेर येतं, पण पुढचा खांदा आईच्या ओटीपोटाच्या पुढच्या हाडामागे अडकतो. अशा वेळी डॉक्टरांच्या हाताशी मोजकी मिनिटं असतात, कारण बाळाचा प्राणवायू तुटत चाललेला असतो. डोकं एका बाजूला, खांदा दुसऱ्या बाजूला अशी मानेची ओढाताण झाली, की नसा ताणल्या जातात, काही वेळा तुटतात आणि सर्वांत वाईट म्हणजे मज्जारज्जूपासून मुळासकट उपटल्या जातात. बाळ वजनाने मोठं असेल, आईला मधुमेह असेल, चिमटा किंवा व्हॅक्यूम लावावा लागला असेल, तर धोका वाढतो. पायाळू बाळाच्या बाबतीतही तो असतो. आणि यातलं काहीही नसताना, क्वचित सिझेरियनमध्येसुद्धा, ही इजा झालेली आहे. ठिकठिकाणच्या नोंदी पाहिल्या तर हजार जन्मांमागे साधारण एक ते दोन बाळांना ती होते.

फ्रान्सच्या द्युशेन यांनी १८७२ मध्ये आणि जर्मनीच्या विल्हेल्म एर्ब यांनी १८७४ मध्ये वरच्या दोन मुळांच्या इजेचं वर्णन केलं. त्यामुळे या प्रकाराला आजही एर्ब्ज पाल्सी म्हणतात. खालच्या मुळांचा, म्हणजे बोटं निकामी करणारा प्रकार १८८५ मध्ये पॅरिसमध्ये शिकणाऱ्या ऑगस्टा क्लुम्पके या तरुणीने उलगडून दाखवला. स्त्रियांना वैद्यकीच्या दारात उभं करायलाही विरोध होता, त्या काळातलं हे काम आहे.

बहुतेक बाळांचा हात पहिल्या काही आठवड्यांत किंवा महिन्यांत सावरतो. डॉक्टर तिसऱ्या महिन्याच्या सुमाराला बाळ कोपर वाकवतं का हे बारकाईने पाहतात. तोवर बायसेप्स जागा झाला नाही, तर नसांच्या शस्त्रक्रियेचा विचार सुरू होतो. पण वीस ते तीस टक्के मुलांच्या हातात काही ना काही कमतरता कायमची राहते. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तुटलेली नस पुन्हा वाढते, पण दिवसाला जेमतेम एक मिलिमीटर. मानेपासून दंडापर्यंत पोचायला तिला महिनेच्या महिने लागतात आणि वाटेत जखमेच्या गाठीतून जाताना तिचे धागे चुकतात. कोपर वाकवणाऱ्या स्नायूसाठी निघालेले काही धागे कोपर सरळ करणाऱ्या स्नायूत जाऊन बसतात, काही खांद्यात. वायरमनने तारा उलटसुलट जोडल्या तर पंख्याचं बटण दाबल्यावर दिवाही लागावा, तसं होतं. मुलगा घास तोंडाकडे नेतो आणि त्याच हुकुमावर खांदाही उचलला जातो, कोपर पंखासारखं बाजूला वर येतं. शेजारी बसलेल्याला त्याचं कोपर लागतं. बिगुल वाजवणारा माणूस कोपर जसं उंच धरतो तशी ही ठेवण असते, म्हणून डॉक्टरांनी तिला नावही बिगुलावरूनच दिलं आहे.

हे इतकं सविस्तर सांगायचं कारण असं, की ‘जरा जोर लाव’, ‘प्रयत्न केला तर जमेल’, ‘आळस करतोस’ ही तीन वाक्यं या मुलांनी बालवाडीपासून ऐकलेली असतात. दोन विरुद्ध स्नायू एकाच वेळी आवळले जात असताना जोर लावला तर हात अधिक ताठ होतो, थरथरतो. हे मुलाला शरीराने ठाऊक असतं, शब्दांत मांडता येत नाही. कुणी तरी एकदा त्याला हे नीट समजावून सांगितलं, की वर्षानुवर्षं अंगाला चिकटलेला आळशीपणाचा शिक्का गळून पडायला सुरुवात होते. शरीराच्या या माहितीची मुलाला औषधाइतकीच गरज असते, असं मला ठामपणे वाटतं.

मग तेरावं-चौदावं वर्ष लागतं आणि हात पुन्हा बदलतो. उंची झपाट्याने वाढते, दुखावलेला हात त्या वेगाने वाढत नाही. तो काही सेंटिमीटर आखूड राहतो, दंड बारीक दिसतो, कोपर पूर्ण सरळ होत नाही. स्नायूंच्या असमान ओढीमुळे खांद्याची खोबण वाढीच्या वयात चपटी झालेली असते. हात वर करताना पाठीवरचं फऱ्याचं हाड बाहेर येतं आणि ते टी-शर्टमधून दिसतं. लहानपणी न दुखणारा खांदा आता दुखू लागतो. चांगला हातही दुखतो, कारण दोघांचं काम तो एकटा करत आला आहे. लहानपणी ज्या व्यायामांनी भराभर फरक पडत होता, तेच व्यायाम आता आहे ते टिकवण्यासाठी करायचे असतात. आणि नेमक्या याच वयात आरशासमोरचा वेळ वाढतो.

हाताची क्षमता मोजायला डॉक्टर एक सोपी चाचणी वापरतात. फ्रान्सच्या मॅले यांनी १९७२ मध्ये ती मांडली. हात बाजूने वर उचल, दंड बाहेरच्या बाजूला वळव, हात मानेमागे ने, पाठीमागे ने, तोंडाशी ने. प्रत्येक हालचालीला गुण द्यायचे. दवाखान्यात दोन मिनिटांत आटोपणारी ही तपासणी मुलाच्या दिवसभरावर ठेवून पाहा. मानेमागे हात म्हणजे वेणी, पोनीटेल, गळ्यातल्या साखळीची कडी, कॉलर. पाठीमागे हात म्हणजे ब्राचा हूक, परकराची नाडी, शर्ट मागून खोचणं. तोंडाशी हात म्हणजे चारचौघांतलं जेवण, दात घासणं, कँटीनमधला वडापाव. हात वर म्हणजे बसमधला दांडा, फळ्याचा वरचा भाग, कवायत. गुणपत्रिकेत जिथे पाचपैकी तीन लिहिलेलं असतं, तिथे घरी रोज सकाळी आईला हाक मारावी लागत असते.

चौदा वर्षांच्या मुलीला केस बांधायला आईला हाक मारायची नसते. ती दार लावून घेते आणि खटपट करते. पलंगाच्या कडेशी जमिनीवर बसायचं. दुखऱ्या हाताचं कोपर गादीवर टेकवायचं, म्हणजे खांद्याला वजन उचलावं लागत नाही. मग मान त्या बाजूला कलती करून केसच त्या हाताच्या मुठीत आणून द्यायचे. हात डोक्यापर्यंत जात नाही, म्हणून डोकं हातापर्यंत आणायचं. रबर दातांत धरलेलं, चांगल्या हाताने ते ओढायचं, एक वेढा, दुसरा वेढा. पोनीटेल थोडी एका अंगाला जाते. वर्गात कुणी तरी म्हणतं, ‘तुझी पोनी वाकडी आहे गं.’ म्हणणारीला काहीच ठाऊक नसतं, आणि तिचं चुकलं असंही नाही. पण त्या तिरक्या पोनीटेलमागे किती बारकाईने रचलेली युक्ती आहे, हे घरातसुद्धा कुणाला माहीत नसतं, याचं मला वाईट वाटतं.

अशा युक्त्यांचा प्रत्येकाकडे साठा असतो. कपडे चढवताना आधी दुखरा हात, काढताना तो शेवटी. हूक पुढे लावून मग पट्टा फिरवायचा. नेलकटर लाकडी फळीवर पक्का बसवून घ्यायचा, म्हणजे चांगल्या हाताची नखं दुखऱ्या हाताच्या तळव्याने दाबून कापता येतात. भूमितीची पट्टी घसरू नये म्हणून तिच्या खालून रबराची पट्टी चिकटवायची. सायकलचे दोन्ही ब्रेक एकाच मुठीवर आणून घ्यायचे, सायकलवाला कुरकुरतो पण करून देतो. काही गोष्टींवर मात युक्ती चालत नाही. गर्दीच्या बसमध्ये चांगल्या हाताने दांडा धरला, की तिकिटाचे पैसे काढायला हात उरत नाही. दुखरा हात डावा असेल, तर आपल्याकडच्या सवयीप्रमाणे शौचानंतरची स्वच्छता अवघड होते. यावर कुणीच बोलत नाही आणि सहलीला, शिबिराला जायला मूल का कां-कू करतं हे कोडं होऊन बसतं. बहुतेकदा उत्तर संडासातल्या नळाच्या जागेत असतं. लेझीम, सूर्यनमस्कार, संचलन यांत सगळ्यांचे हात एकाच वेळी एकाच उंचीवर जातात आणि एकाचा जात नाही. रांगेतली हीच शोभा असल्यामुळे त्या मुलाला शेवटच्या ओळीत उभं करतात किंवा ‘तू बस, दमशील’ म्हणतात. त्याला बसायचं असतं का, हे विचारत नाहीत.

अमेरिकन अभिनेते मार्टिन शीन १९४० मध्ये जन्मले तेव्हा चिमट्याच्या दाबाने त्यांचा डावा खांदा दुखावला आणि तो हात आखूड राहिला. ‘द वेस्ट विंग’ या मालिकेत ते राष्ट्राध्यक्षांच्या भूमिकेत कोट चढवतात ते पाहण्यासारखं आहे. कोट उलटा पुढे धरून ते एका झटक्यात डोक्यावरून मागे टाकतात आणि दोन्ही बाह्या एकदम अंगात येतात. ती झोकदार लकब पाहून प्रेक्षक खूश होतात. तिचं मूळ मात्र त्या खांद्यात आहे. लपवण्यासारखी वाटणारी पद्धत उघड वापरली तर ती त्या माणसाची ओळख होते. पण पंधराव्या वर्षी हे कळत नाही, कळलं तरी धीर होत नाही.

धीर का होत नाही, याचा मानसशास्त्रात बराच विचार झालेला आहे. विल्यम जेम्स यांनी १८९० मध्ये स्वतःबद्दलच्या आदराचं एक साधं गणित मांडलं होतं. आपण जे साधलं त्याला आपण जे साधायचं ठरवलं होतं त्याने भागायचं. म्हणजे ज्या गोष्टीत उतरायचंच नाही असं माणसाने ठरवलं आहे, तिथल्या हारीचं त्याला काही वाटत नाही. मुलाला क्रिकेटची आवडच नसेल तर चेंडू फेकता न येण्याचं त्याला फारसं दुःख नसतं. पुढे सुसान हार्टर यांनी किशोरवयीन मुलांना अभ्यास, खेळ, मैत्री, रूप अशा वेगवेगळ्या क्षेत्रांत स्वतःबद्दल काय वाटतं ते तपासलं. एकंदर आत्मसन्मानाशी सर्वांत घट्ट जोडलेलं क्षेत्र रूपाचं निघालं. गणितात उतरायचं नाही असं ठरवता येतं. रूपाच्या बाबतीत तसं म्हणायची सोय या वयात नसते, कारण शरीर सोबत घेऊनच वर्गात जावं लागतं.

त्यात भर पडते डेव्हिड एल्काइंड यांनी १९६७ मध्ये वर्णन केलेल्या काल्पनिक प्रेक्षकांची. या वयातल्या प्रत्येकाला वाटत असतं, की सगळ्यांचं लक्ष आपल्याकडेच आहे. २००० साली अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. तरुणांना लाज वाटेल असं चित्र असलेला टी-शर्ट घालून लोकांनी भरलेल्या खोलीत पाठवलं आणि मग विचारलं, किती जणांच्या हे लक्षात आलं असेल? त्यांचा अंदाज निम्म्यांचा होता. प्रत्यक्षात चौघांतल्या एकाच्याही जेमतेम लक्षात आलं होतं. हात आखूड असलेल्या मुलाला हा प्रयोग जरूर सांगावा, पण तो सांगून विषय संपला असं समजू नये. टी-शर्ट बदलता येतो. आणि चौघांतला तो एक जण खराखुरा असतो, तो बघतो, कधी विचारतोही.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. सर्वसाधारण समजूत अशी, की इजा जितकी मोठी तितका मनावर घाव मोठा. शरीरावर उघड दिसणारा वेगळेपणा घेऊन जगणाऱ्यांच्या अभ्यासांतून हे सरळ गणित पुन्हा पुन्हा खोटं ठरलं आहे. चेहऱ्यावरच्या व्यंगांचा दीर्घकाळ अभ्यास करणाऱ्या अमेरिकन संशोधक फ्रान्सिस मॅकग्रेगर यांचं निरीक्षण तर उलटं होतं. सौम्य व्यंग असलेल्यांची घालमेल कधीकधी अधिक असते, कारण समोरच्याच्या ते लक्षात येईल की नाही, आलं तर तो काय करेल, याचा भरवसा नसतो. हे हाताला तंतोतंत लागू पडतं. ज्याचा हात लोंबताना सरळ दिसतो तो उघड केलं नाही तर कुणाला कळणार नाही अशा स्थितीत असतो आणि म्हणून दिवसभर पहाऱ्यावर असतो. फोटोत कुठल्या बाजूला उभं राहायचं, उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा शर्ट का, टाळ्या कशा वाजवायच्या, कुणी टाळी मागितली तर कुठला हात पुढे करायचा. हात खिशात गेला की तेवढ्यापुरती सुटका. पण खिशातला हात वापरला जात नाही, न वापरलेला हात आणखी आखडतो, आणखी आखडलेला हात लपवायला आणखी धडपड लागते. मनाने केलेल्या बचावाची किंमत अशी शरीराला मोजावी लागते.

लपवण्याची ही सवय किती दूर जाऊ शकते, याचं इतिहासातलं उदाहरण जर्मनीचा शेवटचा सम्राट दुसरा विल्हेल्म याचं आहे. २७ जानेवारी १८५९ रोजी बर्लिनमध्ये त्याचा जन्म झाला. आई व्हिक्टोरिया, इंग्लंडच्या व्हिक्टोरिया राणीची थोरली मुलगी, तेव्हा अवघी अठरा वर्षांची होती. बाळ पायाळू होतं, प्रसूती लांबली, बाळ मेलेलंच जन्मलं असं क्षणभर वाटलं. त्याचा डावा हात हलत नाही हे काही दिवसांनी ध्यानात आलं. मग उपाय सुरू झाले. नुकत्याच मारलेल्या सशाच्या उबदार शरीरात तो चिमुकला हात गुंडाळून ठेवत, म्हणजे प्राण्याची ऊब आणि बळ हातात उतरेल. विजेचे झटके दिले. डावा वापरावाच लागावा म्हणून धडधाकट उजवा हात अंगाशी बांधून टाकला. मान वाकडी होऊ लागली तेव्हा डोकं ताणणारं यंत्र लावलं. शिक्षक हिन्झपेटर यांनी त्याला घोड्यावर बसायला शिकवलं ते रिकीब न देता. तोल सावरायला एकच हात असलेला मुलगा पडायचा, रडायचा, पुन्हा चढवला जायचा. तो पुढे चांगला घोडेस्वार झाला, हे खरं. त्याची छायाचित्रं मात्र एकामागून एक पाहा. साधारण पंधरा सेंटिमीटर आखूड राहिलेला डावा हात तलवारीच्या मुठीवर टेकलेला, हातमोजे धरलेला किंवा झग्याआड. जेवणासाठी काटा आणि सुरी एकात असलेलं खास हत्यार. सम्राटपद मिळालं, तरी डावा हात जगाला सहज दिसू देणं त्याला जमलं नाही.

त्याच्या हातामुळे महायुद्ध झालं असं म्हणणं उथळपणाचं आहे आणि अशा हाताच्या प्रत्येक माणसावर अन्याय करणारं आहे. १९३३ च्या आपल्या व्याख्यानसंग्रहात फ्रॉइड यांनी या प्रकारच्या चरित्रलेखनाला हरकत घेतली. व्यंगातून न्यूनगंड आणि न्यूनगंडातून सगळं राजकारण, ही मांडणी त्यांना पटली नाही. खरं कारण व्यंगापेक्षा आईने त्या व्यंगामुळे माया आखडती घेतली हे आहे, असं ते म्हणाले. फ्रॉइड यांचं पहिलं म्हणणं मला मोलाचं वाटतं, म्हणजे हात आणि स्वभाव यांच्यामध्ये माणसांचं वागणं असतं. पण दुसऱ्या म्हणण्यात सगळा भार पुन्हा आईवर टाकला गेला. ती अठरा वर्षांची मुलगी काय सोसत होती, कोणते उपाय कुणाच्या सल्ल्याने होत होते, हे बाजूला राहिलं.

आपल्याकडेही भार आईवरच येतो. ग्रहण पाळलं नव्हतं का, इथपासून दवाखाना कुठला निवडला, वेळेवर का नाही गेलात, इथपर्यंत प्रश्न तिला विचारले जातात. ती गप्प बसते. मग घरात त्या हाताबद्दल कुणीच बोलत नाही. मुलाला आपल्या जन्माची गोष्ट तुकड्यातुकड्यांनी कळते, आत्याच्या बोलण्यातून, फाइलमधल्या कागदावरून, आईच्या रडण्यावरून. ‘माझ्या जन्मामुळे आईला त्रास झाला’ आणि ‘कुणाच्या तरी चुकीने माझं असं झालं’ या दोन वाक्यांमध्ये ते एकटंच हेलकावे खातं. पंधराव्या वर्षाच्या आत कुणी तरी बसवून ही हकिकत सलग सांगायला हवी. खांदा अडकला होता, वेळ थोडा होता, नसा ताणल्या गेल्या, तू वाचलास, हात राहिला. चूक झाली असं आईवडिलांना प्रामाणिकपणे वाटत असेल तर तेही सांगावं, पण मुलाला त्या रागाचा वारसदार करू नये.

हकिकत सलग कळली की बाहेर सांगायचं एक वाक्य तयार होतं. लग्नात मावशीच्या जाऊबाई विचारतात, ‘हाताला काय झालं गं? पडलीस का?’ तेव्हा उत्तर सुचत नसल्यामुळे अपमान जास्त होतो. ‘जन्माच्या वेळी नसांना मार बसला, तेव्हापासून असाच आहे, दुखत नाही’ एवढं शांतपणे म्हणता आलं, की विचारणारी माणसं बहुतेकदा तिथेच थांबतात. उघड दिसणारा वेगळेपणा असलेल्या मुलांना समुपदेशक हाच सराव देतात. काय सांगायचं, किती सांगायचं, विषय कसा बदलायचा. नाही सांगायचं, हाही हक्क त्यात येतो. घरी आरशासमोर चार वेळा म्हणून पाहिलेलं वाक्य ऐनवेळी तोंडात येतं.

व्यायामाचं दुखणं घरोघरी सारखंच आहे. तान्हेपणापासून आई हात ताणून देते. बारा-तेराव्या वर्षी मूल हात हिसडून घेतं आणि आई-मुलात बोलणं उरतं ते ‘केलेस का व्यायाम?’ एवढंच. या वयात व्यायामाचा ताबा मुलाकडे द्यावा. फिजिओथेरपिस्टशी ते स्वतः बोलेल, स्वतः ठरवेल. पोहणं, ड्रमवादन, बॉक्सिंगची पिशवी, काही तरी आवडीचं त्यात घालता येतं. काही दिवस बुडतील. आखडलेला खांदा बुडालेल्या दिवसांनी जितका बिघडतो, त्याहून माय-लेकरांचं नातं रोजच्या तगाद्याने जास्त बिघडतं.

शाळेच्या बाबतीत कायदा पालकांना वाटतो त्यापेक्षा बराच पुढे आहे. उजव्या हाताला इजा असेल आणि तीन तास लिहिणं झेपत नसेल, तर लेखनिक आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ, अशी तरतूद केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत आहे. दहावी-बारावीच्या परीक्षांतही दिव्यांग विद्यार्थ्यांना अशा सवलती मिळतात. अडचण असायची ती ४० टक्के अपंगत्वाच्या अटीची. एर्ब्ज पाल्सीची कितीतरी मुलं प्रमाणपत्रावर त्या रेषेखाली राहतात. २०२१ मध्ये विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की लिहिण्यात खरी अडचण असेल तर लेखनिक नाकारायला टक्क्यांची ती रेषा पुढे करता येणार नाही. त्यानंतर २०२२ मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालील पण लिहिण्याची अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळ्या सूचना काढल्या. सरकारी डॉक्टरांचा दाखला लागतो आणि तो परीक्षेच्या बराच आधी काढावा लागतो. मूल अनेकदा या दाखल्यालाच अडून बसतं, ‘मी अपंग नाही’ म्हणतं. त्याच्यावर ओरडून काही होत नाही. सराव परीक्षेत एकदा जादा वेळ घेऊन आणि एकदा न घेता पेपर सोडवायला द्यावा, दोन्ही उत्तरपत्रिका त्यालाच पाहू द्याव्या.

तमिळनाडूतल्या तिरुवल्लूरची मनीषा रामदास २००५ मध्ये जन्मली तेव्हा तिच्या उजव्या हाताच्या नसांना अशीच इजा झाली. २०२२ मध्ये, सतराव्या वर्षी, ती टोकियोत पॅरा-बॅडमिंटनच्या एकेरीत जगज्जेती झाली आणि त्याच वर्षी जागतिक बॅडमिंटन महासंघाने तिला वर्षातली सर्वोत्तम महिला पॅरा-खेळाडू ठरवलं. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये उपांत्य फेरीत ती तमिळनाडूच्याच तुलसीमती मुरुगेसनकडून हरली आणि नंतर तिने ब्राँझपदक मिळवलं. हातांच्या इजा असलेल्या खेळाडूंच्या एसयू-५ या गटात ती खेळते. मुलांना तिचे सामने जरूर दाखवावे, पण ‘बघ, ती करू शकते’ हे वाक्य जोडू नये. ते वाक्य ‘जोर लाव’चंच भावंड आहे. त्या गटातल्या सामन्यात नेटच्या दोन्ही बाजूंना तसेच हात असतात, यात मुलांसाठी पदकाहून मोठी गोष्ट आहे. आपल्यासारखा हात असलेलं दुसरं माणूस बहुतेक मुलांनी पंधरा वर्षांत पाहिलेलंच नसतं. एकाच फिजिओथेरपिस्टकडे येणाऱ्या दोन मुलांची वेळ मुद्दाम लागोपाठची ठेवली, तरी दोघांत रबर कसं बांधतोस, शर्ट कसा घालतोस अशी देवाणघेवाण सुरू होते.

शेवटी एक निर्णय, जो याच वयात दारात येतो. खांदा आतल्या बाजूला आखडून बसलेला असेल तर अस्थिरोगतज्ज्ञ दंडाचं हाड कापून, बाहेरच्या बाजूला फिरवून, प्लेटने पुन्हा जोडण्याची शस्त्रक्रिया सुचवतात. तिने हात तोंडाशी, डोक्याशी, मानेमागे नेणं सोपं होतं. पण हाड जितकं बाहेर फिरवावं तितका हात पोटाशी आणि पाठीमागे नेणं अवघड होतं. मानेमागची पोहोच हवी की पाठीमागची, पोनीटेल की हूक, असा हा सौदा असतो आणि डॉक्टर अंशांत मोजतात तो कोन या उत्तरावर ठरतो. म्हणून चांगले डॉक्टर आधी मुलीला तिच्या दिवसभरातल्या हालचालींची यादी करायला सांगतात. आईने केलेल्या यादीत जेवण, अंघोळ, लिखाण असतं. मुलीच्या यादीत स्कूटीचा ब्रेक असतो, गरब्यातली टाळी असते, फोटो काढताना मैत्रिणीच्या खांद्यावर टाकायचा हात असतो. शस्त्रक्रियेचा कोन या दुसऱ्या यादीवरून ठरला पाहिजे.